खिद्रापूरचा कोपेश्वर : नंदीवाचून उभे असलेले शिवालय

शिवालयात पाऊल टाकताच नजर आधी नंदी शोधते. कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात ती रिकामीच परत येते. यामागची कथा जाण्यापूर्वी ठाऊक असली, तर दर्शनाचा क्रम आपोआप उमगतो. दक्षाच्या यज्ञात सतीने देहत्याग केल्यावर कोपलेला शिव येथे येऊन बसला आणि विष्णूने त्याची समजूत घातली, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर (शिव) आणि धोपेश्वर (विष्णू) अशी दोन लिंगे शेजारी शेजारी पूजली जातात. सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, त्यामुळे तो येथे नाही; तो कर्नाटकातील यडूरला असल्याचे सांगतात. हरिहरांचे असे एकत्र पूजन पाहताना पुराणकथेने पूजाविधीला कसे वळण दिले आहे, हे प्रत्यक्ष दिसते.

आम्ही नृसिंहवाडीला मुक्काम करून कुरुंदवाडमार्गे सकाळी लवकर पोहोचलो, आणि हाच बेत इतरांनाही सुचवावासा वाटतो. खिद्रापुरात राहण्याची सोय गृहीत धरू नये. वाडीत दत्तदर्शन, भोजन आणि बासुंदी अशी तिन्ही कामे होतात. पावसाळ्यात मात्र कृष्णेच्या पाण्याची चौकशी केल्याशिवाय निघू नये, कारण हा परिसर पुराचा आहे.

मंदिराचे वैभव म्हणजे पुढचा स्वर्गमंडप. 48 खांबांच्या या मंडपाच्या छताला मधोमध सुमारे 13 फूट व्यासाचे वर्तुळाकार मोकळे गवाक्ष असून, त्याच्या बरोबर खाली तशीच गोल शिळा आहे. कार्तिक पौर्णिमेचा चंद्र या अक्षांशावर मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणून त्या रात्री चांदणे थेट शिळेवर उतरते. गर्दी सोसण्याची तयारी असेल त्यांनी ती रात्र साधावी. शिल्पे निवांत पाहायची असतील त्यांनी साधा दिवस निवडावा. गवाक्षाच्या कडेला वाहनांसह कोरलेले दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, मान दुखेपर्यंत पाहावेत असे आहेत.

स्वर्गमंडपातून आत गेल्यावर लागणाऱ्या सभामंडपात काळोख असतो, तेव्हा विजेरी जवळ ठेवावी. बाहेर येऊन प्रदक्षिणा घालताना पायथ्याचा गजथर पाहण्यासाठी खाली वाकावे लागते. अनेक हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत, तरी त्यांच्या पाठीवरील स्वार ओळखू येतात. दुपारी फरसबंदी अनवाणी पायांना सोसत नाही, म्हणून प्रदक्षिणा दहाच्या आत उरकावी. शिलाहारांच्या काळातील या मंदिराला यादव राजा दुसरा सिंघण याने शके 1136 मध्ये दान दिल्याचा शिलालेख दक्षिण दाराशी आहे. घाईत तो हमखास सुटतो. परतताना गावातील जुने जैन मंदिरही पाहावे, त्यासाठी वेगळी वाट वाकडी करावी लागत नाही.