तुम्ही विचारलंत म्हणून: आधी शेवटचं का शिकवते?

"मॅडम, तुम्ही पोट्ट्यांना उलटं काहून शिकवता?" हे नागपुरातले पालक मला नेहमी विचारतात. आणि कॉलेजातले जुने सहकारी भेटले की म्हणतात, तू तर आधी एआय शिकवायचीस, आता स्पेशल मुलांसोबत बॅकवर्ड चेनिंग, म्हणजे शेवटच्या पायरीपासून मागे मागे शिकवणं, करून राहिली; एआयमध्येही बॅकवर्ड चेनिंग असतं, तेच का ते? तर एकदाचं लिहूनच टाकते.

संत्रं घ्या. आपल्याकडे हिवाळ्यात घरोघरी असतंच, साल सैल असते, सरावाला एकदम बेस्ट. देठाकडे अंगठा रुतवायचा, साल उकलायची, तुकडे काढत जायचं. पहिल्या दिवशी हे जवळजवळ सगळं मी करते, सालीचा शेवटचा तुकडा तेवढा मुलाला ठेवते. तो त्यानं ओढला की संत्रं त्याचं, लगेच तोंडात. ते बिनमदतीनं जमलं की पुढे शेवटचे दोन तुकडे त्याचे, असं मागे मागे जात अंगठा रुतवणं सगळ्यात शेवटी येतं, आणि बोटांत जोर नसलेल्या मुलाला नेमकं तेच जड जातं, पण तोवर संत्रं मिळणार याची त्याला खात्री झालेली असते. वेगळं चॉकलेट बिकलेट लागत नाही.

यात मूल काहीही उलटं करत नाही बरं का! संत्रं रोज त्याच क्रमानं सोललं जातं, फक्त कुठल्या पायरीपासून हात त्याचा, ते बदलतं.

कॉम्प्युटरमधल्या बॅकवर्ड चेनिंगमध्ये मात्र खरंच मागे जातात. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला मायसिन नावाचा प्रोग्रॅम केला होता, रक्तातल्या इन्फेक्शनसाठी. तो आधी धरून चालायचा की हा अमुक जिवाणू असेल, मग तसं म्हणायला काय काय खरं असावं लागेल ते 'असं असेल तर तसं' अशा नियमांत शोधायचा, मग त्या अटींसाठी आणखी मागे, आणि नियम संपले की डॉक्टरलाच विचारायचा. डेक या कॉम्प्युटर कंपनीचा एक्सकॉन नावाचा प्रोग्रॅम याच्या उलट, ग्राहकाची ऑर्डर घ्यायची आणि नियम लावत लावत पुढे जात पूर्ण कॉम्प्युटरची जुळणी ठरवायची, ते फॉरवर्ड चेनिंग. म्हणजे तिकडे रस्ताच शोधायचा असतो, माझ्याकडे रस्ता पहिल्या दिवसापासून पाठ असतो. म्हणून मला विचाराल तर दोन्हींत नावापलीकडे फारसं काही सारखं नाही.

आणि मी दरवेळी मागूनच शिकवते असंही नाही. चहाचं शेवटचं काम म्हणजे उकळता चहा गाळणं, ते पहिल्याच दिवशी कोण देईल? तिथं पाणी मोजण्यापासूनच सुरुवात. ज्याला बरंचसं येतंच त्याच्याकडून रोज सगळंच करून घ्यायचं, अडेल तिथं मदत.

माझा खरा वैताग वेगळा आहे. सकाळी ऑटोवाला हॉर्न देत असतो, मुलानं बूट घातलेला असतो, आणि वेल्क्रो आई दाबून देते, म्हणजे नेमकी जी पायरी आम्ही त्याला शिकवत असतो तीच! घाई आहे ना, मग मोजे चढवून द्या, बूटही घालून द्या, तेवढा वेल्क्रो राहू द्या.