डीकोडर, कार्बन आणि मामांचं इंजिन

मिरजेत वाढलेल्या माणसाला रेल्वेचं वेड कसं लागलं, हे विचारू नये. माझ्या लहानपणी जंक्शनवर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीची अडीच फुटी छोटी लाइन, तिन्ही होत्या. त्यातच मामांनी जर्मनीहून वाफेच्या इंजिनाचं एचओ मॉडेल आणलं, म्हणजे १:८७ मापाचं. इतकी वर्षं ते साध्या डीसीवर, म्हणजे रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त करून, पळत होतं. यंदा मी त्यात डीकोडर, म्हणजे रुळातून आलेले डिजिटल हुकूम वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट, बसवून ते डीसीसीवर, म्हणजे डिजिटल कंट्रोलवर, न्यायचं ठरवलं.

जुन्या मोटरचा एक कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारा ब्रश, थेट चेसिसला, इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला, टेकलेला असतो. तो तसाच ठेवून वायरी जोडल्या तर डीकोडर गेलाच म्हणून समजा. ते ठाऊक असल्यामुळे फायबरचा वॉशर घालून कार्बन वेगळा केला आणि मीटरवर दोनदा खात्री केली. मग लाल-काळी वायर रुळाकडे, केशरी-करडी मोटरला. इथवर सगळं झकास.

चालवलं तर वेगाच्या पहिल्या पायरीवर इंजिन ढिम्म. चौथीला एकदम हिसका, मग बैल अडावा तसं उभं. मी सीव्ही, म्हणजे डीकोडरमधली आकड्यांची सेटिंग्ज, बदलत बसलो. सीव्ही २ वाढव, सीव्ही ३ कमी कर, रात्रीचे दोन वाजले. मधेच स्वारी स्वतःहून सुसाट सुटली ती टेबलावरून थेट खालच्या गोधडीत. नशीब, गोधडी होती. नंतर कारण कळलं. चाकं मळकी असली की सिग्नल क्षणभर तुटतो, डीकोडरला वाटतं आपण डीसीच्या रुळावर आहोत, आणि तो मिळेल तो व्होल्टेज मोटरला देऊन टाकतो. सीव्ही २९ मध्ये ६ च्या जागी २ घातले, डीसीवर चालण्याची मुभाच बंद झाली. पळणं थांबलं, हिसके तसेच.

शेवटी सांगलीला वखारभागातल्या एका रिवाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांचं रोजचं काम पाणबुडी मोटरींचं. हे इंजिन त्यांनी तळहातावर ठेवलं, हसले, म्हणाले, "डीकोडर राहू दे बाजूला. नुसत्या बारा व्होल्टवर चालवून दाखव बघू." मोटर सुटी करून चालवली. तिथेही अडखळत होती! मी आठवडाभर सीव्हींशी मारामारी करत होतो, आणि बायकोला सांगत होतो की डीकोडर खराब आलाय.

काकांनी आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, काढलं. त्यावरच्या कम्युटेटरच्या, म्हणजे कार्बन घासतात त्या तांब्याच्या कड्याच्या, तीन पाकळ्यांमधल्या चिरा कार्बनच्या काळ्या भुकटीने बुजल्या होत्या, वर जुनं तेल वाळून चिकट झालेलं. दात कोरायची काडी घेऊन त्यांनी एकेक चीर कोरली, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला. खालून तांबं लख्ख निघालं. चाक धरून मोटर रोखली तेव्हा आधी मीटर ०.९ अँपिअर दाखवत होता. माझ्या डीकोडरला झेपतो १ अँपिअरच. आता ०.६.

तरी बारीक हिसका होताच. तो माझा मलाच सापडला. दोन कार्बनांच्या मधे तुरीच्या डाळीएवढी कपॅसिटरची चकती होती, रेडिओची खरखर थांबवायला पूर्वी बसवायचे ती. डीकोडर मोटरला ठोक्याठोक्याने वीज देतो आणि मधल्या फटीत फिरती मोटर उलट किती व्होल्टेज देते ते मोजून वेग सांभाळतो. चकती त्या मोजणीतच घोळ घालत होती. कटरने उडवली, सीव्ही ८ मध्ये ८ घालून डीकोडर मूळपदावर आणला. माझे रात्रीचे सगळे प्रयोग पुसले गेले, बरंच झालं. आणि पहिल्याच पायरीवर इंजिन मुंगीच्या पावलांनी निघालं.

रूळ फुटतात तिथला एक सांधा मात्र अजून छळतो. त्याचा फ्रॉग, दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लास्टिकचा, म्हणजे तिथे वीज नाही. वर या इंजिनाच्या दोन चाकांना रबर, ती वीज उचलतच नाहीत. टेंडरच्या, म्हणजे मागच्या कोळशाच्या डब्याच्या, चाकांवरून दोन वायरी घ्यायच्या आहेत. तोवर तिथे आलं की बोटाने टिचकी मारतो.