लिंबाचा वास

धुळवडीच्या दुपारी दवाखाना बंद करून निघणार, तेवढ्यात एक गृहस्थ आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा बीगल कुत्रीला उचलून आत आले. "डॉक्टर, हिला लकवा मारलाय की काय बघा!"

टेबलावर ठेवली तर पाय फाकवून डुलायला लागली. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. तोंडाजवळ नुसता हात नेला तरी दचकायची. लघवी थेंबथेंब गळत होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. ठोके मिनिटाला 58. थर्मामीटर 98 वर थांबला. कुत्र्याचं अंग एरवी 101-102 असतं.

"काही खाल्लं का हिने?"

"घराबाहेर पडलीच नाही," वडील म्हणाले. मुलगा खाली बघत होता.

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार, कसलं तरी विष, रंगातलं रसायन, सगळं डोळ्यांसमोर आलं, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. हिरड्या बघायला तोंड उघडलं तर लिंबाचा वास आला. कुत्रं आपणहून लिंबाला तोंड लावत नाही. पण धुळवडीला माणसांना लिंबू कशासाठी पाजतात, हे मला ठाऊक आहे.

वडिलांना गाडीतून तिची लसीकरणाची फाईल आणायला पाठवलं आणि मुलाला विचारलं, "भांग का रे? मी पोलीस नाही. किती वाजता आणि किती, एवढंच सांग."

त्याचे डोळे भरले. गच्चीवर मित्रांची थंडाई होती. साडेअकराच्या सुमारास पातेल्याच्या तळाचा गाळ हिने चाटून साफ केला. उतरावी म्हणून त्याने लिंबूपाणी पाजलं.

माझा जीव त्या लिंबूपाण्यात अडकला. गुंगीतल्या कुत्र्याच्या घशात काही ओतलं की ते फुप्फुसात जाऊ शकतं. लगेच छाती तपासली; आवाज साफ होता. तीन तास उलटल्यामुळे ओकारी काढून फारसा उपयोग नव्हता, आणि गुंगीत त्यात धोकाच होता. नीट गिळत नव्हती, म्हणून विष शोषून घेणारा चारकोलही (औषधी कोळसा) दिला नाही. "थंडाईत मनुका, चॉकलेट होतं?" नव्हतं. मनुकांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात, म्हणून हे विचारावंच लागतं.

भांगेवर उतारा नाही. कोमट सलाईन लावलं, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून अंगाशी ठेवल्या, खोलीत अंधार केला, दर अर्ध्या तासाने ताप आणि ठोके बघितले. कुत्र्याच्या लहान मेंदूत, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागात, गांजा-भांगेतलं द्रव्य जिथे चिकटतं त्या जागा पुष्कळ असतात. म्हणून ती माणसापेक्षा जास्त झोकांड्या खातात. निव्वळ भांगेने कुत्रं दगावणं विरळाच, पण गारठा, मंद ठोके आणि गुंगीतली ओकारी यांवर पहारा ठेवावाच लागतो. लघवी तपासायची माणसांची किट कुत्र्यांत भरवशाची नाहीत. माझ्याकडे खरी तपासणी होती ती त्या मुलाचं बोलणं.

वडिलांना त्याने स्वतःच सांगितलं, बाहेरच्या बाकावर. ते आत आले, रागावले नाहीत. "पांघरूण हवंय का अजून?" एवढंच विचारलं.

रात्री नऊला ताप 100 वर आला. मुलगा फरशीवर तिच्याशेजारी बसून होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या हाकेला तिने मान उचलली आणि धडपडत, पण स्वतःच्या पायांवर त्याच्याकडे गेली.