एकच मस्टर, तीन तारखा

मजुरी जमा झाली की आधी बँकमित्राच्या ओट्यावर गर्दी होते आणि मग मला फोन येतात. जून २०२१ मधल्या त्या सकाळी फोन आले नाहीत, माणसंच दारात आली. सगळ्यांच्या पुढे एक काकू. एरवी त्या मला 'बाळा' म्हणतात. चिडल्या की 'रोजगार सेवक'.

"ओ रोजगार सेवक, अंगठा लावून आले. खात्यात रुपया नाही. वस्तीवरच्या वहिनीला चौदाशे अठ्ठ्याऐंशी आले. मी काय गायरानात हवा खायला जात होते?"

जालना जिल्ह्यातल्या एका गावचा मी ग्रामरोजगार सेवक, म्हणजे मनरेगाची, केंद्राच्या रोजगार हमीची, गावातली कामं बघणारा. नमुना ४ वर कामाची मागणी भरून घ्यायची, पंचायत समितीतून मस्टर, म्हणजे हजेरीपट, आणायचं, रोज हजेरी मांडायची, आठवडा संपला की तांत्रिक अधिकाऱ्याकडून मोजमाप करून मस्टर परत पोचवायचं. मानधन तेव्हा टक्केवारीवर होतं. मजुरी निघाली तरच माझंही काही निघणार.

काम होतं गायरानावर पाणी मुरवायला सलग समतल चर खोदायचं. काकू आणि वहिनी एकाच जोडीतल्या. वहिनी खणायची, काकू माती ओढायच्या, ऊन चढलं की अदलाबदल. माप चांगलं भरलं होतं. रोजचे २४८, सहा दिवसांचे १,४८८. मस्टरवर दोघींची नावं एकाखाली एक, आणि पैसे एकीलाच.

लोकांना घरी पाठवून मी मोटरसायकल काढली आणि तालुक्याला गेलो. ऑपरेटरने संगणकावर आमचं मस्टर उघडून दाखवलं. त्या एका मस्टरचे निधी हस्तांतरण आदेश, आमच्या भाषेत एफटीओ, वेगवेगळे निघाले होते. अनुसूचित जातीचा वेगळा, जमातीचा वेगळा, 'इतर' वेगळा. पहिले दोन वटले होते. तिसरा, काकूंचा, लटकला होता.

मार्च २०२१ मध्येच केंद्राचं पत्र आलं होतं, की एप्रिलपासून मजुरी अशी प्रवर्गवार द्यायची. अर्थसंकल्पात अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी तरतूद दाखवावी लागते, त्यातला खर्च नेमका दिसावा हा उद्देश. उद्देशात मला खोट दिसत नाही. पण तीन लेखाशीर्षांत, म्हणजे सरकारी खर्चाच्या तीन वेगळ्या खात्यांत, पैसा एकाच वेळी असेल, हे कोण बघणार होतं?

आणि पैसा मुळात आखडता होता. कोरोनाच्या टाळेबंदीत, २०२० च्या एप्रिल-जून तिमाहीत, देशाची अर्थव्यवस्था सुमारे २४ टक्क्यांनी आक्रसली. तेव्हा वाळूज, चाकणहून परतलेली पोरं कंपनीचं ओळखपत्र खिशात ठेवून माझ्याकडे जॉबकार्डाला रांगेत उभी होती. त्या वर्षी मनरेगाला आधी ६१,५०० कोटी होते. मे महिन्यात त्यात ४०,००० कोटींची भर पडली, आणि सुधारित अंदाज १,११,५०० कोटींवर गेला. ती भर गावात दिसली, हे कबूल केलंच पाहिजे. पण २०२१-२२ साठी तरतूद धरली ७३,००० कोटी, जणू संकट सरलं. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, पुन्हा सगळं बंद, आणि तीच पोरं पुन्हा गावात.

संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर मी हे सांगायचा प्रयत्न केला. 'लेखाशीर्ष' म्हटल्यावर कोणाच्याच चेहऱ्यावर काही उमटलं नाही. एकजण उठून म्हणाला, "यादी तूच पाठवतो ना? मग त्यांची आधी गेली कशी?" दुसऱ्याने सरपंचांचं नाव घेतलं. एका आजोबांना बहात्तरचा दुष्काळ आठवला. "खडी फोडायचो. सुकडी मिळायची. पगाराच्या दिवशी साऱ्या गँगचा पगार सोबत. आत्ता कॉम्प्युटर आला तर हे!" (पुढे राज्याच्या स्वतःच्या रोजगार हमीसाठी १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या पावतीवर तो अजून कापला जातो, कशासाठी ते बहुतेकांना ठाऊक नसतं.)

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "काकू, माझ्यातले हजार न्या. बियाणं घ्या, तुमचे आले की द्या."

"नको बाई," काकू म्हणाल्या. "उद्या गावात ऐकवून दाखवशील."

तिने आजवर कोणाला काही ऐकवलेलं मला तरी ठाऊक नाही.

मृग बरसला होता. कृषी केंद्रवाला सोयाबीनची पिशवी रोखीनेच देत होता. काकूंच्या मुलाने मग ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली, त्यात पेरणी झाली. मजुरी जमा झाली तेव्हा शेतात कोळपणी चालू होती. उशिराची भरपाई कायद्यात होती, दिवसाला ०.०५ टक्के. १,४८८ रुपयांवर ती दिवसाला पाऊण रुपयासुद्धा होत नव्हती. शिवाय एफटीओ वर गेल्यानंतर तो तिथे किती दिवस पडून राहिला, हे त्यात धरतच नव्हते.

पुढच्या मागणीच्या वेळी अर्ज दोन गठ्ठ्यांत आले. "आमचं मस्टर वेगळं काढा," दोन्हीकडचं म्हणणं एकच. मी नाही म्हटलं. मस्टर कामाचं असतं, माणसांचं नाही. जोड्या मात्र त्यांनी बदलून घेतल्या, त्याला माझा इलाज नव्हता.

प्रवर्गवार पद्धत दिवाळीच्या सुमारास मागे घेतली गेली. पुरवणी मागण्यांतून आणखी २५,००० कोटीही मिळाले. तोवर काकूंचा मुलगा आणि सून उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडत होते. त्यांच्यासारखी आणखी काही घरं बंद होती. हिवाळ्यात तालुक्याच्या बैठकीत मला विचारलं गेलं, "तुमच्या गावाची मागणी का घटली?"

मी जे घडलं ते सांगितलं. ऑपरेटर हळूच म्हणाला, "भाऊ, याला रकाना नाही. मागणी कमी, एवढंच जातं वर."

फेब्रुवारी २०२२ मध्ये नवा अर्थसंकल्प आला. मनरेगाला पुन्हा ७३,००० कोटी. योजना मागणीवर चालते, गरज पडली तर वाढवून देऊ, असं वरून सांगितलं जात होतं. ही मागणी मोजायचे माझ्याकडच्या नमुना ४ वरून, आणि त्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या अर्जांत काकूंच्या घरचा एकही नव्हता.