मस्टँग चकचकीत झाली, पण गरम होतच राहिली

गाडी १९६७ ची फोर्ड मस्टँग, हार्डटॉप. इंजिन २८९ क्युबिक इंची व्ही-८ (साधारण ४.७ लिटर), त्यावर दोन बॅरलचा ऑटोलाइट २१०० कार्बोरेटर, मागे सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गाडीच्या चेसिस नंबराची सुरुवात '७आर०१सी' अशी. ७ म्हणजे सालातला शेवटचा आकडा, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०१ हार्डटॉप आणि सी म्हणजे दोन बॅरलचं २८९. हा कारखाना खरं तर शेजारच्या मिल्पिटासला होता. १९८३ मध्ये तो बंद पडला आणि आता त्याच जागी ग्रेट मॉल उभा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या बऱ्याच मराठी मंडळींनी गाडी कुठे जन्मली ते न कळता तिथे खरेदी केली असेल.

पत्रा, रंग, सीट आणि इंजिनचं काम होऊन गेलं होतं. राहिल्या होत्या खोडी: गाडी गरम व्हायची, रात्री दिवे मध्येच जायचे, डॅशबोर्डचे काटे खोटं बोलायचे आणि पावसात पायाखाली पाणी साचायचं. इथे लिहितोय ते या चार गोष्टींबद्दलच, कारण रंगकामावर लिहिलेलं ढीगभर सापडतं आणि यावर फारसं काही मिळत नाही.

आधी गरम होण्याचं बघू. उभी असताना गाडी गरम होत असेल तर हवेकडे बघायचं आणि हायवेवर होत असेल तर पाण्याकडे. माझी दोन्हीकडे व्हायची. सिग्नलला हळूहळू आणि चढावर एकदम. तीन रांगांचा नवीन रेडिएटर आणि ८२ अंश सेल्सिअसला पाण्याची वाट उघडणारी नवीन झडप (थर्मोस्टॅट) आधीच बसवलेले होते. म्हणून नवीन काही विकत न घेता मोजायला सुरुवात केली.

पहिली चूक सापडली ती टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते त्यात. टायमिंग लाइटवर ६ अंश दिसत होते, म्हणजे सगळं ठीक. पण क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरमध्ये बाहेरची कडी आणि आतला गोळा यांच्यात रबर असतं. पन्नास वर्षांत ते सुटतं, कडी सरकते आणि तिच्यावरची खूणही सरकते. तपासायची पद्धत सोपी आहे. बॅटरी काढायची, सगळे प्लग काढायचे आणि एक नंबरच्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टनला अडवणारा बोल्ट (पिस्टन-स्टॉप) घट्ट बसवायचा. पान्याने इंजिन हाताने हळू फिरवायचं. अडलं की पॉइंटरसमोर कडीवर खूण करायची. मग उलटं फिरवून अडलं की दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. सेल्फ मारून हे कधीही करू नका, पिस्टनला भोक पडेल. माझी कडी ९ अंश सरकली होती. म्हणजे लाइटवर ६ अंश आधी दिसत होतं तेव्हा ठिणगी प्रत्यक्षात ३ अंश उशिरा पडत होती. उशिरा पेटलेलं पेट्रोल एक्झॉस्टच्या वाटेवरही जळत राहतं आणि ती उष्णता हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पाण्यात उतरते. नवीन बॅलन्सर घेताना २८ औंस असंतुलनाचा मागा. पुढच्या काळातल्या ३०२ क्युबिक इंची इंजिनाचा ५० औंसाचा बोल्टने बसेलही, पण गाडी हादरायला लागेल.

टायमिंग नीट केल्यावर सिग्नलचा त्रास निम्मा गेला. पंख्याला आच्छादन बसवलं. पंख्याची पाती निम्मी आत आणि निम्मी बाहेर राहतील इतक्या अंतरावर. खालच्या होजमध्ये स्प्रिंग नव्हती. वेग वाढला की पंप पाणी ओढतो आणि नुसता रबरी होज चपटा होतो. बॉनेट उघडं ठेवून इंजिन २५०० आरपीएमवर नेलं तेव्हा तो आत बसताना डोळ्यांनी दिसला. स्प्रिंगवाला घातला. तरीही चढावर काटा वर जायचाच.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. इंजिन तापवून दोन्ही हेडना पुढच्या आणि मागच्या प्लगाजवळ मोजलं. डावं हेड मागे ९६ अंश, उजवं हेड मागे १२१. एवढा फरक आला म्हणजे रेडिएटरचा काही दोष नाही.

या इंजिनात पाणी पंपातून ब्लॉकमध्ये पुढून शिरतं, सिलिंडरांच्या कडेने मागे जातं, मागच्या भोकांतून हेडमध्ये चढतं आणि हेडमधून पुढे थर्मोस्टॅटकडे येतं. ही वाट ब्लॉक आणि हेड यांच्यामधला गॅस्केट ठरवतो. दोन्ही बाजूंना एकच गॅस्केट लागतो, फक्त एका बाजूला तो पालथा घालायचा. त्यावर 'फ्रंट' लिहिलेलं असतं आणि ते दोन्हीकडे रेडिएटरच्या बाजूलाच हवं, मग एकीकडे अक्षरं खाली तोंड करून गेली तरी चालतं. फिटरला मात्र अक्षरं वर दिसलीच पाहिजेत असं वाटतं. दोन्हीकडे अक्षरं वर ठेवली की एकीकडे 'फ्रंट' मागे जातो. मग त्या बाजूचं पाणी पुढूनच शॉर्टकट घेतं आणि मागचे सिलिंडर कोरडेच शेकत राहतात.

हेड न काढताही हे कळतं. बरोबर बसवलेल्या गॅस्केटचा चौकोनी कोपरा हेडच्या पुढच्या खालच्या टोकाला बाहेर डोकावतो. आरसा आणि टॉर्च घेऊन बघितलं. डावीकडे कोपरा पुढे होता, उजवीकडे मागे. एवढं पहिल्याच दिवशी बघितलं असतं तर रेडिएटरचे पैसे वाचले असते.

उजवं हेड काढायला एक शनिवार-रविवार लागला. पाणी काढलं, कार्बोरेटर, इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवले. पुश-रॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोवले, कारण जिथला तिथेच जायला हवा. इनटेक उचलताना थोडं पाणी हमखास आत सांडतं, म्हणून शेवटी तेल बदलायचं हे आधीच ठरवून ठेवा. पाच क्वार्ट, फिल्टरसकट. जुन्या चपट्या टॅपेटच्या कॅमला जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं तेल लागतं, आजकालच्या गाड्यांचं साधं तेल नको. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने तपासलं. एकूण लांबीत ०.००६ इंचापर्यंतचा वाक चालतो. माझं त्याच्या आत होतं.

हेडचे दहा बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत: ५०, ६० आणि शेवटी ७० फूट-पाउंड. इनटेकच्या पुढच्या-मागच्या टोकांना सेटमधल्या कॉर्कच्या पट्ट्या येतात. त्या सरळ फेकून द्या, घट्ट करताना निसटतात. त्या जागी ६ मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची रेघ ओढा. पाणी भरताना गाडीचं नाक उंच आणि हीटर चालू. आता चढावर दोन्ही हेड मागे ९५ च्या आसपास असतात.

दिव्यांचं प्रकरण छोटं आहे. रात्री दिवे दहा सेकंद जायचे आणि आपोआप यायचे. वायरिंग जळतंय असं वाटतं, पण ते नसतं. हेडलाइटच्या स्विचमध्येच एक ब्रेकर असतो आणि दिव्यांचा सगळा करंट त्यातून जातो. हॅलोजन दिवे घातले की तो तापतो आणि तोडतो. बॅटरीवर १३.९ व्होल्ट असताना दिव्यावर ११.२ मिळत होते. लो आणि हाय बीमला एकेक रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) बसवला. रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला स्टार्टरच्या सोलेनॉइडवरच्या बॅटरीच्या बोल्टवरून २० अँपिअरच्या फ्यूजमार्गे वायर, ८७ वरून दिवा, ८६ ला दिव्याची जुनी वायर, ८५ ला अर्थिंग. आता दिव्यावर १३.५.

काट्यांचं त्याहून सोपं. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकत्रच वर-खाली होत असतील तर सेंडरला (काट्याला माप पाठवणाऱ्या भागाला) हात लावू नका. डॅशमागे एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असतो. तो थांबून-थांबून करंट सोडून काट्यांना सरासरी ५ व्होल्ट देतो. त्याचं अर्थिंग रंगामुळे तुटलं की तो पूर्ण १२ सोडतो आणि सगळंच जास्त दिसतं. रंगवलेल्या डॅशमध्ये हा दोष ठरलेलाच. स्क्रूखालचा रंग खरवडला, वेगळी अर्थिंगची वायर दिली. टाकीचा सेंडर रिकाम्याला ७३ ओहम आणि भरल्यावर १० दाखवतो. मल्टिमीटरने तो बरोबरच निघाला.

उरलं पाणी. पुढच्या काचेखालची जाळी म्हणजे काउल. तिच्या आत हवा घ्यायच्या दोन भोकांभोवती पत्र्याच्या उभ्या कडा असतात. आतल्या बाजूला रंगाचा ब्रश पोचत नाही आणि त्या कडा तळातून गंजतात. बाहेरून काहीच दिसत नाही. कार्पेट काढा, एका बाजूला जाळीत बादलीभर पाणी ओता, मग दुसऱ्या बाजूला. आधी कुठे गळतं ते टॉर्चने बघा. माझं ड्रायव्हरच्या बाजूने. काचेचं रबर उगाच दोनदा बदललं होतं.

पक्का इलाज म्हणजे काच आणि फेंडर काढायचे, स्पॉट वेल्ड ८ मिलिमीटरच्या कटरने एकेक सोडवायचे, वरचा पत्रा उचलायचा, नवीन कडा वेल्ड करायची, सांध्यांत सीलर आणि आत रंग. प्लास्टिकच्या चिकटवायच्या टोप्याही मिळतात. गाडी पावसात बाहेर निघणारच नसेल तर त्या पुरतात, पण गंज खालून चालूच राहतो. मी कापूनच केलं. वरचा पत्रा बंद करण्याआधी अर्धा तास होजने पाणी सोडून बघितलं, आणि बंद केल्यावर पुन्हा. जमीन कोरडी होती. कार्पेट मात्र अजून घातलेलं नाही, पावसाचा एक आठवडा जाऊ दे.