डेड स्टॉक

दापोली तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या एका गावातल्या हायस्कुलात मी एकतीस वर्षं कारकुनी केली. 1991 ला लागलो, 2022 ला सुटलो. शिक्षक निवृत्त झाले की त्यांना माजी विद्यार्थी भेटतात, वाकून नमस्कार करतात. मला बाजारात कोणी भेटलं तर अजून विचारतं, "भाऊ, बोनाफाईड कधी मिळेल?"

माझ्या ताब्यात मुलं नव्हती, वस्तू होत्या. त्या वस्तूंची वही म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर. सरकारी मराठीत जडसंग्रह नोंदवही, पण तसं आमच्याकडे कोणीच म्हणत नाही. लाल कापडी पुठ्ठा, आत आडवे रकाने: खरेदीचा दिनांक, वस्तूचं वर्णन, नग, दर, पुरवठादाराचं नाव, बिल क्रमांक, निर्लेखन, शेरा. निर्लेखन म्हणजे वस्तू मेली असं कागदावर मान्य करणं. त्यासाठी ठराव लागतो, समिती लागते, सह्या लागतात. आमच्याकडे माणसाचा मृत्यूचा दाखला त्याहून लवकर मिळतो.

या वहीच्या पहिल्याच पानावर 1963 ची एक नोंद आहे. "लाकडी बाक व डेस्क, साग, 62 नग." पुरवठादाराच्या रकान्यात नुसतं "गावातील सुतार." बिल क्रमांकाच्या जागी आडवी रेघ. मी लागलो तेव्हा बासष्टच्या बासष्ट नग शाळेत होते आणि दरवर्षी मार्चअखेर मी ते स्वतः फिरून मोजायचो. पाय ऐनाचे, फळ्या सागाच्या, डेस्कच्या कडेला दौतीसाठी गोल भोक. दौती माझ्याही आधी गेल्या होत्या; त्या भोकात मुलं पेन्सिलीची टरफलं आणि चिंचोके कोंबायची.

2009 साली आम्हाला तीस ड्युअल डेस्क मिळाले. लोखंडी सांगाडा, वर गुळगुळीत लॅमिनेटचा बोर्ड, निळा-पांढरा रंग. नारळ फुटला, फोटो निघाले. वर्गखोल्या एकदम शहरातल्या शाळेसारख्या दिसू लागल्या हे मान्य करायला हवं. जुनी बाकं मागच्या इमारतीत गेली. निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करा, असं मला तेव्हाच सांगण्यात आलं होतं. मी तो केलाही. पण समितीतले एक सदस्य मुंबईला मुलाकडे गेले ते सहा महिने आलेच नाहीत, आणि प्रस्ताव फायलीत राहिला. बाकं वाचली ती कुणाच्या दूरदृष्टीने नव्हे, एका सहीवाचून.

पहिल्या दोन पावसाळ्यांतच नव्या डेस्कांचे पाय बोलायला लागले. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात खारं वारं. सांगाड्याच्या पायाला रबरी बूच होतं. ते पडलं की पाइपचं उघडं तोंड फरशीवर घासतं, रंग उडतो, आणि मग गंज आतून चढत जातो. बाहेरून पाय निळाच दिसायचा, पण टिचकी मारली की खपली हातात. वेल्डिंगचा सांधा सुटला तर गावात वेल्डर नाही. डेस्क टेंपोत घालून दापोलीला न्यायचा, म्हणजे भाडं दुरुस्तीहून जास्त. म्हणून न्यायचाच नाही. कोपऱ्यात ठेवायचा, त्यावर दुसरा ठेवायचा.

आणि तो आवाज! आमची शाळा दहावीच्या परीक्षेचं केंद्र होती. पेपर सुरू असताना एका मुलाने डेस्क चार बोटं सरकवला तरी लोखंड शहाबादी फरशीवर असं किंचाळायचं की पलीकडच्या खोलीतले पर्यवेक्षक डोकावून जायचे. लाकडी बाक सरकलं तर नुसतं खरखरतं. परीक्षेच्या दिवसांत मग मुलांनीच शोध लावला: मागच्या इमारतीतल्या खोल्या बऱ्या. तिथे डेस्क डुगडुगत नाही, घडी केलेला कागद पायाखाली घालावा लागत नाही, थंडीत सकाळी हात टेकला तर गार लागत नाही.

लाकडाचं फार कौतुक चाललंय असं वाटू नये म्हणून सांगतो. ही बाकं हलवायला दोन शिपाई आणि एक शिवी लागायची. पावसाळ्यात स्टाफरूममधल्या टेबलाचे खण असे फुगायचे की जूनमध्ये आत राहिलेला शिक्का गणपतीनंतरच निघायचा. कुसळं बोटात जायची, मुलींच्या ओढण्या अडकायच्या. आणि ढेकूण. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शिक्षकांच्या वेताच्या खुर्च्यांत इतके ढेकूण झाले होते की गणिताचे सर तासाला बसायचेच नाहीत, आणि त्यामुळे फार चांगलं शिकवायचे. खुर्च्या अंगणात काढून उकळतं पाणी ओतायचं, सांध्यांत रॉकेलचा बोळा फिरवायचा, हा दर मे महिन्यातला कार्यक्रम. लोखंडी खुर्चीला हा ताप कमी, हे खरंच आहे.

पण कारकून म्हणून मला एक हिशेब दिसायचा, तो कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

सुतार लोक जाडी सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच. आमच्या डेस्कांची फळी इंचाची, म्हणजे आठ सुतांची. मुलं कर्कटकाने तिच्यावर नावं कोरतात, बाण काढतात, बदाम काढतात, एकाने तर त्रिकोणाचं प्रमेय आकृतीसकट कोरून ठेवलं होतं (परीक्षेच्या आदल्या दिवशी सापडलं). फळी फारच खडबडीत झाली की सुतार येतो, रंधा मारतो, सूतभर लाकूड उतरतं, आणि खालून 1963 चा साग नव्यासारखा निघतो. वहीच्या शेऱ्यात अशा दोन नोंदी होत्या, 1978 आणि 1998. म्हणजे आठातली दोन सुतं खर्ची, सहा शिल्लक. वीस वर्षांना एक सूत या दराने तुम्हीच गणित करा. लॅमिनेटचा पापुद्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो. त्यात कर्कटक एकदा घुसलं की खाली थेट भुसा. शिल्लक काहीच नाही.

मग 3 जून 2020 आला. बुधवार होता. लॉकडाउनमुळे शाळा बंदच होती. निसर्ग वादळाने आमच्या पट्ट्यात काय केलं ते कोकणात सगळ्यांना माहीत आहे. सुपारीच्या बागा काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या होत्या. रस्त्यावरची झाडं तोडून शाळेपर्यंत पोचायला मला दोन दिवस लागले. नव्या इमारतीचे पत्रे अर्धे उडाले होते, मागच्या इमारतीची कौलं फुटून वर्गात पडली होती, एका खोलीत वासा खाली आला होता. ताडपत्री मिळत नव्हती. जी मिळत होती ती लोक घरांवर घालत होते, आणि ते योग्यच होतं. आठवड्याभरात खरा पावसाळा सुरू झाला. सगळं फर्निचर तीन आठवडे उघड्यावर भिजलं.

जूनच्या शेवटी पंचनाम्यासाठी यादी करायला मी आणि शिपाई वर्गात शिरलो. तीस ड्युअल डेस्कांचे तीसही बोर्ड गेले होते. बोर्ड म्हणजे लाकडाचा बारीक चुरा डिंकात दाबून केलेला. पाणी शिरलं की चुरा फुगतो, डिंक सुटतो, आणि वाळला तरी तो परत बसत नाही. चहात बुडवलेलं खारी बिस्कीट कसं होतं, तसं. कोपरा धरून उचलायला गेलो तर कोपराच हातात आला. त्यावर पांढरी बुरशी आणि एका ठिकाणी चक्क छत्र्या उगवल्या होत्या. लॅमिनेट मात्र शाबूत होतं, सालीसारखं सुटून जमिनीवर पडलेलं.

लाकडी बाकं काळी पडली होती, त्यांवर शेवाळाचा हात फिरला होता. मला वाटलं, हीही गेली. मी यादीत 62 लिहिलेसुद्धा.

गावातले सुतारकाका (1963 ची बाकं केली त्या सुताराचे पुतणे) बघायला आले. त्यांनी एका डेस्कवर बुक्की मारली, आवाज ऐकला, आणि मला म्हणाले, "भाऊ, यादी खोडा. फक्त उन्हात नका काढू हां. तडकतील."

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. पडवीत, सावलीत, पण वारा खेळेल अशी, एकावर एक, मध्ये पट्ट्या घालून बाकं रचली. दिवाळीपर्यंत हात लावला नाही. मी रोज जाऊन बघायचो, दुसरं कामही नव्हतं. काका सांगायचे ते तिथे डोळ्यांनी दिसत होतं: लाकूड भिजलं की रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, आणि हळू वाळू दिलं तर पुन्हा आपल्या मापावर येतं. सांधे खिळ्यांचे नव्हते. खोबणीत कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं कोरलेलं टोक, बसवून वर बांबूची मेख मारलेली. पावसात कुसू फुगून उलट घट्टच धरतं. लोखंडी खिळा असता तर गंजला असता आणि भोवतीचं लाकूड खाऊन ढिला झाला असता. सागाला वाळवी सहसा लागत नाही, त्याच्या गाभ्यात मुळातच तेलकट द्रव्यं असतात. ज्या दोन-चार फळ्यांना कडेचा पांढरट भाग राहिला होता तेवढाच खाल्लेला दिसला, गाभ्याच्या रेषेवर येऊन वाळवीने काम थांबवलेलं.

वाशाखाली सापडून सात बाकं मोडली होती. त्यांच्यात त्यांची जुळवाजुळव करून पाच उभी राहिली. उरलेल्या दोनांतून पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांसाठी एक मांडणी आणि पाण्याच्या पिंपाखालचा घोडा झाला. वहीत ती दोन बाकं कमी दाखवली, शाळेतून मात्र गेली नाहीत. काकांनी सगळ्या फळ्यांवर रंधा मारला, वर जवसाच्या तेलाचा हात दिला. आठातलं तिसरं सूत गेलं.

याच सुमारास कुणीतरी मला चंदीगडच्या खुर्च्यांचा लेख पाठवला. पन्नासच्या दशकात ते शहर वसवताना पिएर जाँनरे या वास्तुकाराने तिथल्या कचेऱ्या, कॉलेजं, ग्रंथालयं यांच्यासाठी साग आणि वेताच्या खुर्च्या, टेबलं आखली होती. जुन्या झाल्या म्हणून त्या भंगारात, लिलावात गेल्या, आणि पुढे परदेशात एकेक खुर्ची लाखांना विकली जाऊ लागली. 2011 मध्ये केंद्राने त्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. मला त्या लेखात खुर्चीपेक्षा तिथला कारकूनच दिसत राहिला. त्यानेही वही उघडली असेल, निर्लेखनाच्या रकान्यात तारीख घातली असेल, खाली सही. माझी सही थोडक्यात हुकली होती.

उरला प्रश्न तीस लोखंडी सांगाड्यांचा. त्यांतले अकरा अजून बरे होते. नवे बोर्ड आणायला पैसे नव्हते, आणि आणून पुन्हा तेच. शाळेच्या आवारातला एक जुना फणस वादळात आडवा झाला होता. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "भाऊ, त्याचं बघा ना काहीतरी." रीतसर अर्ज केला, परवानगी आली, वखारीत नेऊन फळ्या पाडल्या. ओलं लाकूड लगेच वापरलं असतं तर वाकलं असतं. पण शाळाच बंद, घाई कुणाला? फळ्या वर्षभर मागच्या पडवीत वाळत पडल्या. कापल्या तेव्हा हळदीसारख्या पिवळ्या होत्या. वर्गांत बसवेपर्यंत मधासारख्या झाल्या. आता म्हणे तपकिरीकडे झुकल्यात. 4 ऑक्टोबर 2021 ला ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग भरले, तेव्हा तोंडाला मास्क लावलेली मुलं आत आली आणि पहिल्यांदा त्या फळ्यांवरून हात फिरवून बघत होती. दुसऱ्या आठवड्यात कर्कटकाची पहिली रेघ आली.

कोणी शाळा, वाचनालय, समाजमंदिर चालवत असेल तर सगळं सागाचं करा असं मी म्हणणार नाही. सागाचा आजचा भाव बघूनच समिती उठून जाईल. पण जे जुनं आहे ते बोलावून घेतलेल्या भंगारवाल्याला दाखवण्याआधी एका सुताराला दाखवा. आमच्याकडच्या वखारींत आकेशियाचं लाकूड मिळतं, आवारातल्या पडलेल्या झाडाचंही फर्निचर होतं. तीन कोटेशनं मागवून सर्वांत कमी दर घेण्याच्या नियमात "किती वर्षं टिकेल" आणि "गावात दुरुस्त होईल का" हे विचारायला जागा नाही, ती शेऱ्यात तरी करून घ्या. मी ती फार उशिरा करायला शिकलो.

निवृत्तीच्या आधी शेवटचं ऑडिट झालं. ऑडिटर तरुण होता, हुशार होता. रजिस्टरवरून बोट फिरवत थांबला. "अकरा नग डेस्क, फणसाची फळी. दर निरंक. बिल नाही. भाऊ, असं चालत नाही. निदान पुरवठादार तरी लिहा."

मी वही ओढून घेतली आणि त्या रकान्यात लिहिलं: निसर्ग.

त्याने क्षणभर बघितलं, आणि टिक मारली.