वाळूजहून रेशमाच्या शेडपर्यंत: माझा अनुभव

२०१९ चा ऑगस्ट. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला माझ्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती, त्यातली शेवटची चौदा क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी होती. त्या वर्षी वाहन उद्योगात मंदी आली. आधी तिसरी शिफ्ट गेली, मग आठवड्यातले चारच दिवस काम, आणि शेवटी आमची लाइनच बंद झाली. एका शुक्रवारी अकरा जणांना ऑफिसात बोलावून कागद हातात दिले. मी सत्तेचाळीस वर्षांचा. मुलगी बारावीला, मुलगा नववीला, बजाजनगरात भाड्याचं घर.

घरी सांगायला मला चार दिवस लागले. रोजच्या वेळेला डबा घेऊन निघायचो आणि छोट्या पंढरपूरच्या मंदिरात जाऊन बसायचो. घास गिळवत नव्हता. चौथ्या दिवशी बायकोनेच विचारलं, "डबा भरलेलाच परत येतोय. काय झालंय ते सांगा आता." सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आधी कंपनीकडून किती येणं आहे ते नीट बघा."

हा पैशाचा भाग मी मुद्दाम खोलात लिहितोय, कारण आम्हा अकरा जणांपैकी बऱ्याच जणांनी कागद न वाचताच सही केली होती. ग्रॅच्युइटीचा हिशेब तेव्हा असा होता: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज, तिला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरतात. माझी बेरीज १३,००० होती, म्हणजे वर्षाला ७,५०० आणि बावीस वर्षांचे १,६५,०००. कंपनीच्या कागदावर आकडा होता १,४३,०००. रात्री दोनदा गणित केलं तेव्हा कळलं, त्यांनी ३० ने भागलं होतं. एका पानाचा अर्ज लिहिला, आवक शिक्का मारून पोच घेतली. तीन आठवड्यांनी उरलेले बावीस हजार खात्यात आले. मग बाकीच्या दहा जणांनाही तसाच अर्ज करायला लावला.

पीएफमधून मुलीच्या फीपुरतेच काढले. पेन्शनला हात लावलाच नाही. दहा वर्षांच्या वर सेवा झाली असेल तर तो पैसा काढता येत नाही. स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे सेवेच्या नोंदीचा दाखला, घेऊन ठेवायचं, ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. ते सर्टिफिकेट आजही लोखंडी पेटीत आहे.

नोकरी शोधण्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सगळीकडे वय विचारलं गेलं. एका ठेकेदाराने माझ्या जुन्या पगाराच्या निम्म्यावर, रोज बारा तासांचं काम देऊ केलं. शेवटी एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन झालो आणि सहा महिने ते केलं. लॉकडाऊन लागायच्या दोन दिवस आधी आईला बघायला म्हणून गावी आलो, तो तिथेच राहिलो.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. वडिलांनी लावलेली दोन एकर मोसंबी २०१२-१३ च्या दुष्काळात वाळली. तिची खोडं काढून टाकायलाही मी कधी आलो नव्हतो. चुलत पुतण्याने मात्र शेजारच्या एकरात तुती लावून, तिचा पाला खाणाऱ्या रेशीम अळ्यांचं शेड टाकलं होतं. तो सव्वीस वर्षांचा. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोषांची खरेदी सुरू झाली आणि कर्नाटकात रामनगरला माल न्यायची दगदग संपली, तेव्हा त्याने हे धरलं होतं. पण मी गावी आलो त्या उन्हाळ्यात सगळे बाजार थंडावलेले. त्याचे कोष आधीच्या निम्म्या भावानेही कुणी घेईना. म्हणजे या धंद्याचा सगळ्यात वाईट महिना मी आधी पाहिला आणि मग त्यात पडलो. हे चांगलंच झालं.

वर्षभर मी त्याच्या हाताखाली काम केलं. तुतीच्या फांद्या तोडणं, अळ्यांना पाला टाकणं, रॅक साफ करणं, शेड निर्जंतुक करणं. पार सुरुवातीला तो संकोचायचा. "काका, तुम्ही बसा, मी करतो," म्हणायचा. मी त्याला म्हणालो, "इथं मी नवा आहे. चुकलो तर बोल." एकदा मी कीटकनाशक फवारायच्या पंपाला हात लावून तसाच पाला टाकायला निघालो, तेव्हा तो खरंच ओरडला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

२०२०-२१ च्या हिवाळ्यात सरकारच्या महारेशीम अभियानात नाव नोंदवलं. एक एकर तुतीची लागवड तेव्हा रोजगार हमीतून व्हायची, त्यासाठी जॉबकार्ड लागायचं. हजेरीपटावर माझं आणि बायकोचं नाव मजूर म्हणून चढलं. गावातल्या एका म्हाताऱ्याने विचारलंच, "सायेब होतास ना रे तिकडं?" मी हो म्हणालो आणि खड्डे घेत राहिलो. खरं सांगतो, ते ऐकून त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा गेलो.

डिसेंबर २०२१ मध्ये माझी पहिली बॅच. शंभर अंडीपुंजांच्या (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) चॉकी, म्हणजे लहान वयाच्या अळ्या, दुसरा मोल्ट (कात टाकणं) झालेल्या, चॉकी सेंटरमधून आणल्या. तिसरा आणि चौथा मोल्ट आपल्या शेडमध्ये होतो. अळी कात टाकायला बसते तेव्हा खाणं सोडते, डोकं वर करून दिवसभर हलत नाही. तेव्हा पाला द्यायचा नाही, वरून चुना मारून बेड कोरडा ठेवायचा. जवळजवळ सगळ्या उठल्या की मगच पाला. पहिल्या बॅचला मला धीर धरवला नाही. वर निम्म्या-अधिक हलताना दिसल्या आणि मी फांद्या टाकल्या. ज्या उठल्या होत्या त्या पुढे गेल्या, ज्या बसल्या होत्या त्या फांद्यांखाली राहिल्या. शेवटी एकाच रॅकवर काही पिवळसर, आरपार दिसणाऱ्या, कोष करायला जागा शोधणाऱ्या, तर काही अजून खातायत. ४६ किलो कोष निघाले. पुतण्या साठ-पासष्ट काढायचा.

दुसरी बॅच फेब्रुवारीत. शेजारच्या हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारणी झाली, वारा आमच्याकडे होता. बांधालगतचा पाला मी न विचारता तोडला. तासाभरात अळ्या हिरवं ओकायला लागल्या, माना टाकून वळवळत होत्या. बायको रॅकजवळ उभी राहून रडली. अकरा किलो. तेव्हा भाव चांगला होता, म्हणून जास्त लागलं. शेजारी भाऊबंदातलाच, भांडलो नाही, घरी जाऊन बसलो, चहा घेतला आणि ठरवलं की फवारणीच्या दोन दिवस आधी त्याने फोन करायचा. आजपर्यंत तो करतो. बांधाकडच्या दोन ओळींचा पाला मी आता कोणत्याच बॅचला टाकत नाही.

तिसऱ्या बॅचच्या आधी मी जुन्या सवयीप्रमाणे रजिस्टर घातलं. तापमान, आर्द्रता, पाल्याची वेळ. आणि कंपनीत लॉट तपासताना जे करायचो तेच रॅकवर केलं: पाच ठिकाणच्या वीस-वीस अळ्या बघायच्या, शंभरातल्या किती उठल्या ते मोजायचं. उठलेली अळी ओळखता येते. डोकं मोठं, फिकट. कातडी सैल, सुरकुतलेली. बोट जवळ नेलं की मान फिरवते. पंच्याण्णव झाल्याशिवाय फांदी टाकायची नाही. त्या बॅचला ६३ किलो आले. जालन्याला नेण्याआधी डागी, डबल (दोन अळ्यांनी मिळून केलेले), पोचट कोष बाजूला काढले. ही छाटणी मात्र मला कुणी शिकवावी लागली नाही. व्यापाऱ्याने मूठभर कोष कानाजवळ हलवले, दोन कापले आणि दुसऱ्यांदा बघितले नाहीत.

पहिल्या दोन वर्षांत जुन्या पगाराएवढे पैसे सुटले नाहीत, हे ज्यांना असं काही करायचंय त्यांनी लक्षात घ्यावं. घर बायकोच्या शिलाईवर चाललं. पहिलं शेड मी बांबू, शेडनेट आणि जुन्या पत्र्यांत केलं, पक्कं नंतर बांधलं. पीएफ एकदम ओतला असता तर त्या अकरा किलोंनंतर मी उठलो नसतो.

मागच्या महिन्यात आमच्या लाइनवरचा एकजण येऊन गेला. एक्कावन्न वर्षांचा, त्याचंही काम सुटलंय. दोन दिवस राहिला. त्याला काही सांगत बसलो नाही. संध्याकाळी चौथ्या मोल्टच्या बेडपाशी नेलं, हातात रजिस्टर दिलं. त्याने चष्मा पुसला, वाकून मोजलं आणि लिहिलं: ९१. मी म्हणालो, मग आज पाला नाही. पहाटे पाचला तोच मला उठवायला आला.